सत्तेचाळीस गुण आणि शून्य-दोनची हार

रंजिता घरत मॅडमना हसताना कुणी पाहिलं नाही, असं आमच्या कॉलेजातली मुलं म्हणतात. ते खरं नाही, मी पाहिलंय. पण एरवी त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो डोळ्यांदेखत एस.टी. निघून गेलेल्या माणसाचा. मॅडम आमच्या पनवेलच्या कॉलेजात क्रीडा संचालक आहेत. मी अर्थशास्त्र शिकवतो. मला खेळातलं काही कळत नाही, आणि बहुधा म्हणूनच मला जिमखाना समितीचा अध्यक्ष केलेलं आहे. मॅडमच्या प्रत्येक अर्जावर त्यांच्या सहीखाली माझी सही असते, आणि प्रत्येक नकार ऐकायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं बरोबर जातो.

मॅडम मूळच्या उलव्याकडच्या. आजोबा मिठागरात, वडील महादेव घरत मिठागरात. पुढे मिठागरंही गेली, विमानतळासाठी गावही उठलं, आणि घर नव्या वसाहतीत आलं. तिथे महादेवकाका गॅलरीत बसून समोरच्या डंपरांना शिव्या देत दिवस काढतात. मॅडम लहानपणी कबड्डी खेळायच्या. आमच्याच कॉलेजात शिकायला आल्या तेव्हा मुलींचा बास्केटबॉल संघ नव्यानं काढायचा होता आणि उंच मुली मिळत नव्हत्या. त्या वेळच्या सरांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये पाहिलं आणि थेट कोर्टावर नेलं. पहिल्याच सामन्यात समोरची मुलगी बॉल घेऊन आत शिरली, तशी मॅडमनी तिची कंबर धरून तिला खाली बसवली. पंचांनी शिट्टी मारली. थोड्या वेळानं दुसरी आली, तिलाही बसवली. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, हा नियम त्यांना बाहेर बसल्यावर कळला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी सरांकडून नियमांचं पुस्तक मागून नेलं आणि पाठ केलं. आजही त्यातलं कलम विचारा, मॅडम आकड्यासकट सांगतात.

पुढे शारीरिक शिक्षणाच्या पदव्या घेऊन त्या याच कॉलेजात परत आल्या. आधी काही वर्षं तासिकेवर, मग कायम. तेव्हापासून मुलींच्या संघाचा प्रत्येक हंगाम मी जवळून पाहिलाय. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या झोनमध्ये एक फेरी पार करायची, एवढीच मॅडमची इच्छा. ती कशी कशी राहिली ते सांगायला बसलो तर कॉलेजची बदनामी होईल. तरी थोडं सांगतो.

एका वर्षी संस्थेनं कोर्टावर सिमेंटचा नवा थर टाकला. चांगला वीतभर. मुली रोज सराव करत होत्या आणि काय नेम बसत होता म्हणून सांगू. मॅडम खूश होत्या. ते मी त्यांना हसताना पाहिलं त्यातलं एक. स्पर्धेत गेलो तर प्रत्येक बॉल रिंगच्या अलीकडे पडायला लागला. मुली रडकुंडीला आल्या, मॅडम बाजूला उभं राहून ओरडून ओरडून थकल्या. हरून परत आल्यावर त्यांनी काशीराम शिपायाला स्टुलावर चढवून टेप लावला. जमीन वर आली होती, रिंग तिथेच होती. मुली महिनाभर बुटक्या रिंगवर सराव करत होत्या.

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "रिंग खाली आली म्हणजे सोपंच झालं ना मॅडम? मुलींना बरंच आहे."

"सर, बाकीच्या कॉलेजांनी रिंग खाली घेतलेली नाही," मॅडम म्हणाल्या.

वेल्डर आला तो पुढच्या वर्षी. त्यानं खांबांना तुकडे जोडले आणि रिंग एवढी वर नेली की मग सगळे बॉल रिंगला खालूनच लागायला लागले.

त्यानंतरच्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा मांडव ऐन सरावाच्या दिवसांत कोर्टावर उभा राहिला, आणि कार्यक्रम होऊन गेला तरी मांडववाला तो काढायला आला नाही. मग करोना आला. त्या दोन वर्षांत आपण एकही सामना हरलो नाही, असं मॅडम सांगतात. करोनानंतर पहिल्यांदा संघ नेला तेव्हा कळंबोली सर्कलला एक ट्रेलर आडवा झाला होता. आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा पंच सामान आवरत होते. वेळेवर न आलेला संघ वीस-शून्यनं हरतो, असा नियम आहे. मुलींनी बॉलला हातही लावला नव्हता, आणि मॅडम घाम पुसत शून्य-वीसच्या कागदावर सही करत होत्या.

मग साळू आली.

साळू वाघमारे आपट्याच्या पलीकडच्या एका कातकरीवाडीतली. आश्रमशाळेत शिकून आमच्याकडे कला शाखेला आली होती. ती उंच नव्हती. पण ती पळायला लागली की बाकीच्या मुली उभ्या आहेत असं वाटायचं. मॅडमनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या गेटातून सुटलेल्या एस.टी.मागे धावताना. साळूनं एस.टी. पकडली, म्हणून त्या दिवशी बोलणं राहिलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला वर्गातून उठवून आणलं. वर्षभरात साळू दोन्ही हातांनी बॉल मारायला शिकली. समृद्धी भोईर नावाची पनवेलचीच एक मुलगी कॅप्टन होती, ती बॉल बरोबर साळूच्या हातात पोचवायची. या दोघींची जोडी जमली, आणि मॅडमच्या बोलण्यात 'यंदा' हा शब्द यायला लागला. "सर, यंदा बघा." मी मान डोलवायचो.

दिवाळीनंतर साळू यायची बंद झाली. वाडीवर निरोप पाठवला तर घराला कडी. सगळं कुटुंब वीटभट्टीवर गेलं होतं. मॅडमनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही भट्ट्या शोधत निघालो. मातीच्या रस्त्यानं दोन भट्ट्या पालथ्या घातल्यावर तिसऱ्या ठिकाणी साळू सापडली. डोक्यावर कच्च्या विटा होत्या. आम्हाला पाहून ती थांबली, पण विटा खाली ठेवल्या नाहीत.

तिची आई भामा चिखल तुडवत होती. मॅडम तिच्यापाशी जाऊन म्हणाल्या, "भामाबाई, पोरीला मी माझ्या घरी ठेवते. स्पर्धा झाली की आणून सोडते."

भामानं पाय न थांबवता विचारलं, "खेलून काय व्हतं, बाई?"

मॅडम या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं प्राचार्यांना देत आल्यात. प्रमाणपत्र मिळतं, नोकरीत जागा राखीव असतात, वगैरे. तिथे त्यातलं काहीच त्यांच्या तोंडून आलं नाही. "काय व्हत नाय," त्या म्हणाल्या. "पण तुझी पोर लय चांगली खेलते. मी अशी दुसरी पायली नाय." वैतागल्या की मॅडमच्या तोंडी गावची बोली येते. त्या दिवशी त्या वैतागल्या नव्हत्या, तरी आली.

भामा थांबली. साळूकडे बघून म्हणाली, "जा. हात धुव."

साळू मॅडमच्या घरी राहायला आली. महादेवकाकांना डंपर सोडून बोलायला दुसरं माणूस मिळालं, म्हणून तेही खूश झाले.

स्पर्धेला बारा मुलींची नावं दिली होती. आदल्या दिवसापासून एकेक गळायला लागली. एकीला बघायला पाहुणे येणार होते. दोघींना संस्थेच्या अध्यक्षांच्या कार्यक्रमात स्वागताला उभं राहायचं होतं, कारण त्या उंच होत्या आणि नऊवारीत चांगल्या दिसल्या असत्या. दोघींची अंतर्गत परीक्षा होती. त्यांना सोडा म्हणून आम्ही प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "परीक्षा विभागाला विचारा." परीक्षा विभाग म्हणाला, प्राचार्यांनी लिहून दिलं तर सोडू. प्राचार्य तोवर अध्यक्षांना आणायला निघून गेले होते. आणखी एकीनं सकाळी ताप आल्याचा फोन केला. तो मात्र खरा होता.

सहा मुली घेऊन आम्ही ठाण्याकडच्या एका कॉलेजात पोचलो. समोरच्या संघाकडे बारा मुली, दोन प्रशिक्षक आणि बर्फाचा डबा होता.

मी बाकावर बसलो. मला एवढंच कळत होतं की बॉल आपल्या मुलींकडे जास्त वेळ आहे. समृद्धी बॉल सोडायची आणि तो पोचेपर्यंत साळू तिथे असायची. मधल्या विश्रांतीला आम्ही पुढे होतो. मॅडमनी मुलींना पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हात आवरा. माझ्याकडे बदली नाही." कारण दुसऱ्या भागात एकीचा पाय मुरगळला होता. आता जेवढ्या मैदानावर तेवढ्याच.

तिसऱ्या भागात आमची एक मुलगी पाच फाउल होऊन बाहेर आली. चौथ्या भागात दुसरी. आता तिघी, आणि समोर पाच. तरी आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो. तिघी पळून पळून लाल झाल्या होत्या. थकल्या माणसाचा हात आधी सुटतो, असं मॅडम सांगतात. तसंच झालं. संपायला थोडाच वेळ असताना तिसरीही बाहेर आली, आणि मैदानावर साळू आणि समृद्धी दोघीच उरल्या. पाचजणींनी आमची आघाडी खात आणली. सत्तेचाळीस-चव्वेचाळीस. साळूचे चार फाउल झालेले होते.

समोरची एक उंच मुलगी बॉल घेऊन सरळ रिंगकडे निघाली. साळू तिच्या आडवी गेली. मॅडम रेषेवर उभ्या राहून ओरडल्या, "सोड तिला. टाकू दे. साळू, सोड." ते दोन गुण दिले असते तरी आम्ही एकानं पुढेच राहिलो असतो. साळूनं सोडलं नाही. बॉलवर मारलेला हात मनगटावर बसला. शिट्टी वाजली, आणि पंचांनी पाच बोटं वर केली.

साळू खाली मान घालून बाहेर आली. समृद्धी मैदानावर एकटीच उभी. घड्याळात थोडे सेकंद उरले होते, आणि पंच टेबलाकडे चालत गेले. सामना थांबलाय आणि आपण पुढे आहोत एवढं पाहून मी उठून टाळ्या वाजवायला लागलो.

"सर, बसा खाली," मॅडम म्हणाल्या.

"का? जिंकलो ना आपण?"

"हरलो. मैदानावर निदान दोघी लागतात. एकच उरली तर सामना गेला."

"पण आपले तीन गुण जास्त आहेत."

"म्हणूनच. ते पुढे असते तर होता तोच स्कोर राहिला असता. आपण पुढे आहोत म्हणून तो धरत नाहीत. दोन-शून्य लिहितात. त्यांचे दोन, आपलं शून्य."

मला वाटलं त्या चिडून काहीतरी बोलतायत. पण पंचांनी आणून दाखवलेल्या कागदावर तेच होतं. समोरच्या प्रशिक्षकांनाही ते माहीत नव्हतं. ते ओशाळून आमच्याकडे बघत राहिले. मॅडमनी वाद घातला नाही. सही केली, पंचांना पेन परत दिलं, आणि पाय मुरगळलेल्या मुलीसाठी समोरच्या संघाकडचा बर्फ मागून आणला.

परतीच्या गाडीत मुली मुरगळलेल्या पायावर पाळीपाळीनं बर्फ धरत होत्या. मध्येच मॅडम मागे वळून साळूला म्हणाल्या, "मी सोड म्हटलं ते ऐकू आलं होतं का?"

"आलं."

"मग?"

"आपल्याच रिंगमधी टाकीत व्हती ना बाई. कशी सोडू?"

मॅडम पुन्हा पुढे वळल्या. पनवेल येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कॉलेजच्या गेटशी उतरलो तर वरच्या हॉलमधून लाऊडस्पीकरवर अध्यक्षांचं भाषण चालू होतं. विषय होता महिला सक्षमीकरण. मॅडमनी ते क्षणभर ऐकलं आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साळूला भट्टीवर नेऊन सोडलं. भामाला दिलेला शब्द होता.

हा किस्सा इथेच संपला असता, पण कॉलेजचं रौप्य महोत्सवी वर्ष आलं. प्रत्येक विभागानं आपली कामगिरी भिंतीवर लावावी, अशी सूचना निघाली. कोर्टाच्या भिंतीवर बास्केटबॉल संघाचा फलक रंगवायचं ठरलं. मॅडमनी प्रत्येक हंगामाचा निकाल क्रमानं लिहून दिला. प्राचार्यांनी तो कागद वाचला आणि चष्मा काढला.

"मॅडम, ह्या सगळ्या हारी आहेत."

"सगळ्या नाहीत सर. मधे काही मैत्रीचे सामने जिंकलोय."

"त्यापेक्षा प्रत्येक वर्षापुढे 'सहभाग' लिहू. चांगलं दिसतं."

"सहभाग म्हणजे काय सर? लग्नाला गेलो, जेवून आलो?" मॅडम म्हणाल्या. "मुली खेळल्यात. हरल्या तर हरल्या लिहा."

प्राचार्य पुढे वाचत गेले आणि शून्य-दोनपाशी थांबले. "हे काय? दोन-शून्य फुटबॉलमध्ये असतं. लिहिण्यात चूक झालीय."

मग मॅडमनी त्यांना तो सामना सांगितला. ऐकून प्राचार्यांना एकदम उत्साह आला. "म्हणजे आपण पुढे होतो. मग सत्तेचाळीस-चव्वेचाळीस लिहा ना. पुढे 'विजयी' लिहा. कोण विचारायला येणार आहे?"

मला वाटलं, लिहावं. इतकी वर्षं कुणी काही दिलं नाही, आता हा माणूस आपणहून विजय देतोय तर घ्यावा. मॅडम म्हणाल्या, "नाय सर. हरलो आपण. सहा पोरी नेल्या म्हणून हरलो. बारा नेल्या असत्या तर जिंकलो असतो. ते तसंच लिवायचं."

प्राचार्यांनी कागद खाली ठेवला. कुठल्या सहा राहिल्या आणि कशामुळे, हे त्यांना आठवलं असावं. "बरं, तुमच्या मनासारखं करा," म्हणाले आणि दुसरी फाईल ओढली.

अंकुश पेंटरनं फलक रंगवायला घेतला. निम्मा झाला होता तेव्हा समृद्धी आणि साळू बघायला आल्या. समृद्धी तोवर एका बँकेत लागली होती. साळू भट्टीचा हंगाम संपल्यावर कॉलेजात परतली होती आणि आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि सकाळी उलव्यातल्या एका सोसायटीच्या कोर्टावर लहान मुलांना शिकवायला जात होती. शून्य-दोन वाचून समृद्धी भडकली.

"मॅडम, हे बरोबर नाही. आम्ही सत्तेचाळीस केले होते. तुम्ही स्वतः तिथे होतात."

"नियम तसा आहे."

"नियम त्यांच्या कागदावर राहू दे ना. ही आपली भिंत आहे."

मॅडम अंकुशचा रंगाचा डबा बाजूला सरकवायला लागल्या. समृद्धीला उत्तर द्यायचं त्यांनी टाळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. साळू शिडीखाली उभी राहून फलक वाचत होती. ती म्हणाली, "बाई, संघाचं शून्य तर शून्य. पण मी टाकलेले कुठं गेले?"

हा प्रश्न मॅडमनाही पडला नव्हता. संघाचे गुण पुसले, पण खेळाडूचे पुसले जातात का? त्यांनी तिथल्या तिथे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला फोन लावला. तो कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला आणि सांगितलं, मेल करा. मेल केला. उत्तर आलं नाही. पुन्हा फोन केला तर म्हणाले, असं आजवर कुणी विचारलेलं नाही, तुम्हीच बघा काय ते. हे आठवडाभर चाललं. अंकुश पेंटर रोज येऊन विचारायचा आणि ब्रश धुऊन परत जायचा.

शेवटी मॅडमनी पुस्तक काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुपारी स्टाफरूममध्ये येऊन माझ्यासमोर बसल्या. "सर, स्कोर काय धरायचा ते पुस्तकात आहे. पोरीचे गुण पुसा असं कुठेही लिहिलेलं नाही."

"मग?"

"मग ते राहिले."

फलकावर आता हंगामांच्या निकालांमध्ये एके ठिकाणी 'पराभव, ०-२' असं आहे. त्याच्या खाली व्यक्तिगत विक्रम आहेत. तिथे पहिल्या ओळीत लिहिलंय: एका सामन्यातील सर्वाधिक गुण, साळू वाघमारे, २६. पुढे तारीख आहे, आणि ती वरच्या पराभवाचीच.

आता तो फलक वाचणारा प्रत्येक माणूस चूक दाखवायला येतो. रौप्य महोत्सवाचे पाहुणे आले, त्यांनी दाखवली. तपासणीला आलेल्या समितीनं दाखवली. पालक दाखवतात, नवे प्राध्यापक दाखवतात. एकदा अध्यक्ष स्वतः थांबले आणि म्हणाले, "मॅडम, संघाचं शून्य असताना एका मुलीचे सव्वीस कसे? जरा बघून रंगवत जा." मॅडम प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगतात. सहा मुली, पाच फाउल, मैदानावर निदान दोघी. मॅडमनी अध्यक्षांनाही तेवढंच सांगितलं, आणि 'सहाच का' हे त्यांनी विचारल्यावर तेही सांगितलं. मी शेजारी उभा राहून जमिनीकडे बघत होतो. अध्यक्ष "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि गाडीत बसले.

"खाली एक ओळीचा खुलासा रंगवून टाका ना," मी एकदा म्हटलं. "रोजचा ताप वाचेल."

"राहू दे सर," त्या म्हणाल्या. "विचारायला येतायत ते बरं हाय."

यंदा स्पर्धेच्या वेळी परीक्षा विभागानं पुन्हा तीच तारीख लावली. मॅडम प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन खुर्चीवर बसल्या आणि पत्र हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत. मी बाजूला बसून होतो. मधे दोनदा चहा आला. पत्र मिळालं, अकरा मुली गेल्या. बाराव्या मुलीचं लग्न होतं, आणि तिथे मॅडमचं काही चाललं नाही. पहिला सामना आम्ही जिंकलो, म्हणजे ती एक फेरी एकदाची पार झाली. दुसऱ्यात एकोणसाठ-छत्तीसनं सपाटून मार खाल्ला. सगळ्या वेळ मैदानावर पाच मुली होत्या.

सही करताना मॅडमनी तो आकडा दोनदा वाचला. मग कागद माझ्यासमोर धरला. "बघा सर," त्या म्हणाल्या, "हा कुणाला समजवायला नको." आणि बाकावरच्या बाटल्या गोळा करायला लागल्या, कारण मुली निम्म्या बाटल्या दर वेळी विसरून येतात.